भामरे वहिनींची रेघ

गेल्या आठवड्यात आमच्या स्वयंपाकघरातला नळ गळायला लागला. वरच्या खोलीतले भाडेकरू पक्कड घेऊन खाली आले. चांगले शिकलेले गृहस्थ आहेत, येऊन वर्षही झालेलं नाही. नळाचा नट नुसत्या बोटांनी फिरतोय हे बघून ते हसून म्हणाले, "काकू, हा भामरीणबाईनं आवळलाय वाटतं."

मी विचारलं, "कोण भामरीणबाई?"

"कुणास ठाऊक. गल्लीत सगळेच म्हणतात की. काही सैल निघालं की भामरीणबाईचं काम."

मी म्हटलं, पक्कड ठेवा आणि वर जा. बिचारे गोंधळून गेले. नळ अजून गळतोय. गळू दे.

ज्या बाईच्या हातचा एक नट कधी सैल राहिला नाही, तिचंच नाव या गल्लीनं सैल नटाला दिलं. आणि ते देत होते तेव्हा मी तिथंच उभी होते, खरं काय ते मला माहीत होतं, आणि मी गप्प बसले. कारण तसा शब्द दिला होता. ज्या माणसाची अब्रू राखायला तो दिला, ते माणूस आता जगात नाही. म्हणून आज लिहितेय. कुणाला राग यायचा तर येऊ दे, मला आधीच आलेला आहे.

नव्वदीच्या सुरुवातीला भामरे मंडळी पवननगरला आमच्या शेजारी राहायला आली. दोन घरांच्या मध्ये कमरेएवढी भिंत. पलीकडे काय शिजतंय तेही कळायचं आणि काय शिजत नाहीये तेही. घरात अशोकराव, ते अंबडला एका कारखान्यात स्टोअरला होते. त्यांचा धाकटा भाऊ संजय, तोही अंबडलाच पण दुसरीकडे. त्यांचे आईवडील. आणि अशोकरावांची बायको मंगल, म्हणजे आमच्या भामरे वहिनी. सगळे सटाण्याकडचे, घरात अहिराणी चालायची, आणि आमच्याशी बोलताना ती मधूनमधून डोकावायची.

पहिल्याच रविवारी सकाळी मी भिंतीवरून डोकावले तर अंगणात गोणपाट अंथरलेलं, त्यावर मोटरसायकल डबल स्टँडवर उभी, आणि तिचं मागचं चाक वहिनींच्या मांडीशी. साडीचा पदर खोचलेला, कोपरापर्यंत काळं ग्रीस. अशोकराव खुर्चीत पेपर वाचत होते. मला वाटलं काहीतरी अडचण झाली असेल, गॅरेजवाला बोलावून देऊ का म्हणून विचारलं. वहिनींनी वर बघितलं आणि म्हणाल्या, "कशाले, ताई? चाकच तर काढलंय."

त्यांच्या वडिलांचं सटाण्याला सायकली आणि शेतावरची ऑइल इंजिनं दुरुस्त करायचं दुकान होतं. मुलगा नव्हता. मुलगी दुकानात बसून अभ्यास करता करता पाने द्यायला शिकली आणि मग पाने चालवायला. लग्नात वडिलांनी भांड्यांबरोबर एक लाकडी पेटी दिली, तिच्यात त्यांचे स्वतःचे पाने होते. सासरच्या लोकांनी ती पेटी म्हणे तीन वेळा उघडून बघितली, खाली काही दागिना आहे का म्हणून.

चाक काढायची त्यांची एक रीत होती आणि ती कधी बदलली नाही. स्टँडखाली लाकडी फळी सरकवायची, म्हणजे चाक जमिनीपासून आणखी बोटभर उचललं जातं. आधी ब्रेकच्या दांडीचा नट काढायचा, मग ब्रेकची प्लेट धरून ठेवणाऱ्या पट्टीची पिन आणि नट, मग मधला मोठा नट. एक्सल ठोकायचा तो मध्ये लाकडाचा तुकडा धरून, लोखंडावर लोखंड कधी मारायचं नाही. आणि निघालेली प्रत्येक वस्तू शेजारच्या जुन्या पितळी परातीत, डावीकडून उजवीकडे, ज्या क्रमानं निघाली त्या क्रमानं. घालताना उजवीकडून डावीकडे यायचं. परात रिकामी झाली की काम झालं. त्या परातीला सासूबाईंनी स्वयंपाकघराची बंदी केली होती, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही.

एकदा वहिनी माहेरी गेल्या असताना अशोकरावांनी मोठ्या हौसेनं स्वतः चाक काढलं आणि बसवलं. परातीत एक बुश, म्हणजे एक्सलवरचं छोटं कडं, उरला. त्यांनी तो सरळ शर्टच्या खिशात टाकला आणि दोन दिवस गाडी चालवली. वहिनी परत आल्या, गाडी फाटकातून आत येताना नुसता आवाज ऐकला आणि नवऱ्यापुढे तळहात पसरून म्हणाल्या, "द्या." अशोकरावांनी मुकाट्यानं खिशात हात घातला. मला त्या दिवशी इतकं हसू आलं की भिंतीखाली बसावं लागलं.

पण खरी गंमत शेवटाला होती. मोठा नट आवळायला त्या पान्याच्या दांड्यात पाइपचा तुकडा घालत, म्हणजे दांडा लांब होतो आणि जोर कमी लागतो. आवळून झालं, चाक हातानं फिरवून बघितलं, साखळीचा ताण बोटानं उचलून बघितला, की मग ब्लाउजमधून छोटं पाकीट काढायच्या आणि त्यातून लाल नेलपॉलिशची बाटली. नखांना ती कधी लागली नाही. नटावरून सुरू करून शेजारच्या लोखंडापर्यंत एक बारीक सरळ रेघ ओढायच्या. नट केसभर जरी फिरला तरी रेघ मोडणार, आणि लांबून कळणार. ही त्यांच्या वडिलांची पद्धत, फक्त ते रंगाच्या डब्यातली काडी वापरायचे.

घरात कायदा होता. रेघ असेल तर गाडी न्यायची. नसेल तर हात लावायचा नाही, मग कामावर पायी जा. संजयला त्यांनी हे इतकं घटवलं होतं की तो गाडीवर टांग टाकायच्या आधी वाकून नट बघायचाच. आम्ही त्याला चिडवायचो, देवाच्या आधी नटाला नमस्कार करतो म्हणून.

आमच्या गल्लीला मात्र ही बाई पचली नाही. समोर निकम राहायचे. निकम काका हरसूलच्या बाजूला शाळेत होते, रोज मोटरसायकलनं जायचे. एका सकाळी वहिनी दूध घेऊन येताना त्यांच्या गाडीपाशी थांबल्या, नटाला दोन बोटं लावली आणि म्हणाल्या, "काका, आज जाऊ नका. नट हातानं फिरतोय. घाट आहे रस्त्याला." निकम काकांनी हसून विषय उडवला, पण जायच्या आधी कुणी बघत नाही असं पाहून गाडी ढकलत आमच्या शेजारी आणली. वहिनींनी चाक काढून बसवलं, पिन नवी घातली, रेघ ओढली. संध्याकाळी काका चौकात सांगत होते, बरं झालं गॅरेजमधून करून घेतलं. मी तिथं भाजी घेत होते. मला राहवलं नाही, मी म्हटलं, "कुठल्या गॅरेजमधून हो? नाव सांगा, आमची स्कूटरही न्यायचीय." घरी येऊन वहिनींना सांगितलं तर त्या म्हणाल्या, "घाटातून खाली उतरले ना ते? मग झालं."

एका वर्षी चैत्रात अशोकरावांचे वडील, म्हणजे अण्णा, गेले. सासूबाई एकदम लहान झाल्या. तोंडानं तिखट बाई, पण नवरा गेल्यावर दाराआड उभ्या राहून बोलायला लागल्या. कुणाकडे हळदीकुंकू असलं की आपण होऊन आतल्या खोलीत जाऊन बसायच्या. गल्लीतल्या बायकांना हे अगदी रीतसर वाटायचं. वहिनींना नाही वाटलं.

खंडेनवमी आली. ज्यांच्या घरी पोट हत्यारावर चालतं त्यांना हा दिवस सांगायला नको. पाने, करवती, सुऱ्या, जे असेल ते धुऊनपुसून पाटावर मांडायचं, हळदकुंकू, फूल, आणि एकदा पूजा झाली की दुसऱ्या दिवशी दसरा उजाडेपर्यंत कुणी उचलायचं नाही. हत्यारांचा आरामाचा दिवस. दरवर्षी पूजा अण्णा करायचे. त्या वर्षी वहिनींनी ताम्हण सासूबाईंच्या हातात दिलं आणि म्हणाल्या, "आई, घरात मोठ्या तुम्ही. तुम्ही करा."

म्हातारी मागे सरकली. म्हणाली, "मी? मना हातनं कुंकू?"

"हात तोच आहे ना?" वहिनी म्हणाल्या. मी भिंतीपाशी होते, हे शब्द माझ्या कानानं ऐकलेत. समोरून निकम काकूही ऐकत होत्या आणि त्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. दार लावताना त्या मला ऐकू जाईल इतक्या आवाजात म्हणाल्या, "विधवेच्या हातचं कुंकू. आता बघा काय काय होतं ते."

आता नीट ऐका, कारण सगळं यातच आहे. वहिनींनी त्या सकाळी दसऱ्यासाठी म्हणून मागचं चाक काढलं होतं, ब्रेकचे लायनर बदलायचे होते. चाक जागेवर गेलं, नट नुसता हातानं बसवला, साखळीचा ताण आणि शेवटचं आवळणं राहिलं. तेवढ्यात सासूबाईंनी आतून हाक मारली, मुहूर्त टळतोय, पाने आण. सहा महिन्यांत पहिल्यांदा म्हातारीच्या आवाजात धार आली होती. वहिनी दोन मिनिटं थांबा म्हणू शकल्या असत्या. पण म्हणाल्या नाहीत. पाने धुतले आणि नेऊन दिले. पाटावर बसलेला पाना आता दसऱ्यालाच उठणार. त्यांनी अशोकरावांना सांगितलं, मलाही भिंतीवरून सांगितलं, "रेघ नाही ताई, उद्या सकाळी आवळते. गाडी आज कुणी न्यायची नाही." आणि त्या दळण आणायला गेल्या.

इकडे सासूबाईंना हुरूप आलेला. पाने झाले, विळी झाली, शिलाई मशीन झालं. मग त्या ताम्हण घेऊन अंगणात आल्या आणि गाडीलाही बोटं ओढली. हळद संपत आली होती, ती हँडललाच पुरली. चाकांच्या नटांना मिळालं नुसतं ओलं कुंकू, वरून खाली एकेक बोट. मी ते बघितलं. मला म्हातारीचं कौतुक वाटलं, दुसरं काही डोक्यात आलं नाही. हे मी स्वतःला माफ केलेलं नाही.

दुपारी संजय कामावरून आला. घरात अशोकराव झोपलेले, सासूबाई आत. दसऱ्याला झेंडू आणायचा म्हणून त्यानं किल्ली घेतली, अंगणात आला, आणि शिकवल्याप्रमाणे वाकून नट बघितला. लाल रेघ होती. तो गेला.

चौकाच्या अलीकडे वळणावर चाक तिरकं झालं, साखळी उतरली आणि मागचं चाक जागच्या जागी जाम झालं. उजवा पाय मांडीपाशी मोडला. त्याला दवाखान्यात नेलं, तिथं तो शुद्धीवर होता आणि येईल त्याला एकच सांगत होता, "मी रेघ बघूनच निघालो. वहिनींची रेघ होती." खोटं बोलत नव्हता पोरगा. त्याला तसंच दिसलं होतं.

झालं. संध्याकाळच्या आत गल्लीचा निकाल लागला. बाईनं नट आवळला नाही आणि वर रेघ ओढून मोकळी झाली. गाडी न्यायची नाही असं ती सांगून गेली होती हे अशोकराव म्हणाले, पण संजयनं रेघ बघितली म्हटल्यावर त्यांचं कुणी ऐकलं नाही. निकम काका, ज्यांची गाडी याच बाईनं घाटासाठी नीट करून दिली होती, ते फाटकापाशी उभे राहून म्हणाले, "बायकांनी बायकांची कामं करावीत."

मोडकी गाडी टेम्पोतून आणून अंगणात टाकली होती. मी गेले तेव्हा वहिनी एकट्याच तिच्यापाशी उकिडव्या बसल्या होत्या. नट शेवटच्या आट्यावर लोंबकळत होता, आणि त्यावर आणि शेजारच्या लोखंडावर लाल होतं. वहिनींनी बोट फिरवलं. लाल बोटाला आलं. नेलपॉलिश असं बोटाला येत नाही.

मला तेव्हा कळलं. मी उठलेच, म्हटलं सगळ्यांना इथं बोलावते आणि हे बोट दाखवते. वहिनींनी दुसऱ्या हातानं माझं मनगट धरलं. पाना धरणारा हात तो, सुटत नाही.

"ताई, बोलू नका."

"का म्हणून? तुमचं नाव खराब होतंय."

"माझं होऊ द्या. मला ऐकायची सवय शे. त्यांचं नाव निघालं तर निकम काकू काय म्हणतील? गल्ली काय म्हणेल? विधवेच्या हातचं कुंकू लागलं आणि पोराचा पाय गेला. म्हातारी पुन्हा दाराबाहेर यायची नाही. मीच ताम्हण दिलं हातात." एवढं बोलून त्यांनी पदराच्या टोकानं नट स्वच्छ पुसला. पुरावा म्हणून जे काही होतं ते गेलं. "मला शब्द द्या," म्हणाल्या.

मी दिला. रागारागानं दिला, पण दिला.

आणि सासूबाई? ज्यांच्यासाठी हे सगळं, त्या उठता बसता म्हणायच्या, "मना पोऱ्याचा पाय हिनं मोडला." आल्यागेल्याला सांगायच्या. मी भिंतीपलीकडे भाजी चिरत असायचे आणि सुरी हातात असताना ते ऐकणं मला धोक्याचं वाटायचं. वहिनी खाली मान घालून चहा द्यायच्या. मी एकदा चिडून विचारलं की बाई, तुम्हाला राग म्हणून येत नाही का. म्हणाल्या, "येतो ना. पण त्या मोठ्यानं बोलायला लागल्या, ते बघितलं का तुम्ही?"

पाने पोटमाळ्यावर गेले. गाडी कोपऱ्यावरच्या गॅरेजला जायला लागली. पुढच्या संक्रांतीला निकम काकूंकडे हळदीकुंकू होतं. स्टूल डुगडुगत होतं, तर काकू सगळ्यांदेखत म्हणाल्या, "हे भामरीणबाईनं आवळलेलं दिसतंय." वीस बायका हसल्या. ती म्हण, की शिवी म्हणा, तिथं जन्माला आली, मी साक्षीला होते. मी तोंड उघडलं तेवढ्यात वहिनींनी माझ्या पायावर पाय दिला. असा दिला की करंगळीचं नख काळं पडलं. आणि त्याही हसल्या, सगळ्यांबरोबर, वाणाची वाटी हातात धरून.

पुढच्या खंडेनवमीला पोटमाळ्यावरून पाने खाली आले, धुतले गेले, आणि वहिनींनी ताम्हण पुन्हा सासूबाईंच्याच हातात दिलं. त्याच्या पुढच्या वर्षीही. दरवर्षी. फाटक सताड उघडं ठेवून, गल्लीला दिसेल असं. म्हातारी आता ठसक्यात बोटं ओढायची आणि सुनेला सांगायची, "तू दूर राय." पूजा झाली की पेटी परत वर. गाडीला मात्र वहिनी कुंकू लावू द्यायच्या नाहीत. काही कारण सांगायच्या नाहीत, फक्त गाडी त्या दिवशी आमच्या अंगणात आणून लावायच्या.

आणखी एक गोष्ट फक्त मला माहीत आहे. गाडी गॅरेजमधून आली की दुसऱ्या दिवशी पहाटे, पाण्याच्या वेळेला, वहिनी बादली घेऊन बाहेर यायच्या आणि गाडीपाशी वाकायच्या. एकदा मी जवळ गेले तर ब्रेकच्या पट्टीच्या नटात पिनच नव्हती. पिन म्हणजे दुमडलेल्या तारेसारखी बारीक वस्तू, पण ती नसली की नट फिरून निघतो आणि ब्रेकची प्लेट चाकाबरोबर गरागरा फिरते. गॅरेजवाल्यानं ती घातलीच नव्हती. वहिनींनी कमरेच्या रुमालातून नवी पिन काढली, घातली, टोकं दुमडली आणि बादली भरायला गेल्या. मोठा नटही तपासला. संजय लंगडत का होईना त्याच गाडीवर कामाला जायचा, आणि तो सुखरूप घरी आला की गॅरेजवाल्याचं नाव व्हायचं. मी म्हटलं, निदान रेघ तरी ओढा. म्हणाल्या, "आता रेघ बघून कोण बसणार आहे, ताई?"

सासूबाई आणखी आठेक वर्षं जगल्या. शेवटपर्यंत खंडेनवमी त्यांनीच केली. त्या गेल्यावर तेराव्याला सगळं आवरल्यावर मी वहिनींना गाठलं आणि म्हटलं, आता मला मोकळं करा, आता तरी सांगते. त्या भांडी पुसत होत्या. "आता कसं सांगायचं?" म्हणाल्या. "आता त्या उलट बोलायलाही नाहीत." मला इतका संताप आला की मी पुसलेली भांडी तशीच टाकून घरी आले. चार दिवस बोलले नाही. पाचव्या दिवशी त्यांनीच भिंतीवरून वाटीभर आमटी दिली.

वर्षभरात त्यांनी घर विकलं आणि गावाबाहेर फ्लॅट घेतला. सामानाचा टेम्पो आला तेव्हा सगळी गल्ली निरोपाला जमली होती, निकम मंडळीसुद्धा. अशोकराव टेम्पोत पुढे बसले, त्यांच्या शेजारी वहिनी, मांडीवर ती लाकडी पेटी. मोटरसायकल संजय घेऊन जाणार होता. आदल्याच दिवशी गॅरेजमधून आणलेली, आणि त्या पहाटे सामान बांधायच्या गडबडीत वहिनी बादली घेऊन बाहेर आल्या नव्हत्या.

संजयनं किक मारायला पाय उचलला तसं वहिनींनी टेम्पोचं दार उघडलं आणि खाली उतरल्या. पेटीतला पाना त्यांच्या हातात होता. सगळ्यांदेखत त्या गाडीच्या मागच्या चाकापाशी उकिडव्या बसल्या, नटाला दोन बोटं लावली, आणि पाना चढवला.

संजय मागे वळून म्हणाला, "नको हो वहिनी. एक पाय शिल्लक आहे अजून."

गल्ली खळखळून हसली. तो काही वाईट नाही, त्यानं गमतीनंच म्हटलं. पण पाना तोवर फिरलेला होता. मला दिसलं, चांगला पाव फेरा फिरला. म्हणजे नट सैल होता, आणि हा माणूस त्यावर बसून रिंगरोडनं जाणार होता. मी पुढे झाले. वहिनींनी बसल्या बसल्या माझ्याकडे नुसतं बघितलं. मी थांबले.

त्या उठल्या, हात पदराला पुसले, हसणाऱ्यांकडे बघून थोडं हसल्या आणि टेम्पोत जाऊन बसल्या. गाडी पुढे आणि टेम्पो मागे असे निघाले. सगळे हात हलवत होते, निकम काकू डोळे पुसत होत्या. मीही हात वर केला, पण वहिनींचं लक्ष आमच्याकडे नव्हतं. गल्लीच्या वळणापर्यंत त्या टेम्पोच्या काचेतून पुढच्या गाडीचं मागचं चाक बघत होत्या.